जुन्या पिकअपचा करंट अचानक जातो: मीटर १२.६ व्होल्ट दाखवतंय, तरी गाडीत जीव नाही

मांजराकाठी – रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. केज तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडं २००७ ची डिझेल पिकअप आहे, वडिलांनी घेतलेली. तिच्या भाड्यावर बहिणीचं लग्न झालं, माझं शिक्षण झालं. म्हणून एकच विनंती, "भंगारात घाला" एवढं सोडून काहीही सांगा.

गेल्या सोमवारी सोयाबीन घेऊन लातूरच्या मार्केट यार्डाकडं निघालो होतो. पहाटेचे साडेचार. बर्दापूरच्या पुढं हेडलाईट दोनदा फडफडल्या आणि सगळंच गेलं. लाईट, मीटरमधले दिवे, हॉर्न आणि मागोमाग इंजिनसुद्धा. काळ्याकुट्ट अंधारात अंदाजानं गाडी कडेला घेतली. चावी फिरवली, काहीच नाही. दहा-पंधरा मिनिटं बसून राहिलो, पुन्हा चावी दिली तर दिवे लागले, सेल्फ मारला आणि गाडी चालू. यार्डापर्यंत काही झालं नाही.

काल अंगणात तेच. चावी ऑन केली की दिवे लागतात, पण सेल्फ मारला की सगळं विझतं. टक असा आवाजपण नाही. थोड्या वेळानं आपोआप येतं.

बॅटरी आठ महिन्यांची आहे. एका मिस्त्रीनं बॅटरीला मीटर लावून दाखवला, १२.६ व्होल्ट. म्हणाला बॅटरी ठीक आहे, अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) बदला. दुसरा म्हणतो अख्खी वायरिंग नवी टाका. दोघांचा खर्च ऐकून छातीत धडकी भरली, आणि दोघांपैकी एकानंही दोष नेमका कुठं आहे ते दाखवलं नाही. हंगाम तोंडावर आहे. काय करू?

गोदाकाठ – रविवार, रात्री १०.१५

दादा, माझी बी गाडी असंच करायली होती दोन वर्सामागं. चालू व्हईनाच गेली होती. टर्मिनल ढिल्लं निघालं. आदी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हातानं पिळून बघा. हातानं हललं म्हंजे ढिल्लं. बॅटरी नवी टाकत्यानी अन टर्मिनल तेच जुनं झिजलेलं ठिवत्यात.

वायरमन_परभणी – रविवार, रात्री १०.४०

मी पंधरा वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. दादा, आधी तीन गोष्टी सांगा.

एक, गाडी बंद पडली तेव्हा इंजिन आपोआप बंद झालं ना? म्हणजे तुमच्या डिझेल पंपावर स्टॉप सोलेनॉइड आहे. त्याला १२ व्होल्ट मिळतात तोपर्यंतच तो डिझेल सोडतो. जुन्या काही गाड्यांत इंजिन बंद करायला दोरी ओढावी लागते, ती गाडी करंट गेला तरी चालत राहते. तुमची बंद पडली याचा अर्थ चावीकडं जाणारा करंटच तुटला. अल्टरनेटर नुसता चार्ज करीत नसता तर गाडी अशी झटक्यात मेली नसती. लाईट हळूहळू पिवळ्या पडत गेल्या असत्या, तासभर तरी.

दोन, गाडी चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट येतात?

तीन, गेल्या सहा महिन्यांत गाडीवर काय काय काम झालं? वेल्डिंग, रंग, जादाची लाईट, टेप, काहीही.

मांजराकाठी – सोमवार, सकाळी ७.२०

गोदाकाठ दादा, टर्मिनल पिळून बघितले, घट्ट आहेत.

परभणीकर भाऊ, चालू गाडीत बॅटरीवर १४.१ येतात. कामाचं म्हणाल तर जूनमध्ये हौदा नवा बांधला. वेल्डिंग झालं, चेसिसला काळा रंग मारला. बॅटरी तेव्हा सोडवली होती का ते माहीत नाही, मी तिथं नव्हतो. आणि धाकट्या भावानं उन्हाळ्यात पुढं एलईडी बार लावला, शिवाय टायरला हवा मारायचा छोटा कॉम्प्रेसर.

वायरमन_परभणी – सोमवार, सकाळी ८.०५

१४.१ म्हणजे अल्टरनेटर चांगला. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असलं की त्याला हात लावायचं कारण नाही. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या मागंच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचं सील गळालं तर तेल आत जाऊन ब्रश खराब होतात, म्हणून मागची बाजू तेलकट आहे का तेवढं बघून ठेवा.

माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचा मायनस चेसिसला आणि इंजिनला जोडणाऱ्या तारांवर. चेसिसला रंग मारताना अर्थिंगचा बोल्ट काढून, खाली रंग मारून, वरून परत बसवतात. लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, रंगावर बसतो. रंग म्हणजे इन्सुलेशन.

बालाघाट – सोमवार, सकाळी ९.३०

अल्टरनेटर तपासायचा सोपा उपाय सांगतो. गाडी चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं. गाडी चालूच राहिली तर अल्टरनेटर चांगला, बंद पडली तर खराब. आमच्याकडं सगळे असंच बघतात.

निवृत्त_निदेशक – सोमवार, सकाळी १०.१०

बालाघाट, कृपा करून असं करू नका आणि कुणाला सांगूही नका. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिकचा वर्ग घेत होतो. या एका सवयीनं किती अल्टरनेटर गेले ते डोळ्यांनी पाहिलंय.

ही रीत डायनामोच्या काळातली आहे. डायनामो डीसी तयार करायचा, त्याला ते चालून जायचं. अल्टरनेटर आत एसी तयार करतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. बॅटरी त्या सर्किटमध्ये धरणासारखी असते. पाणी कमी-जास्त झालं की ती सांभाळते. चालू गाडीत तीच काढली की व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड, कटआउट (व्होल्टेज आवरणारा भाग), मीटरचे दिवे, जे सापडेल ते जाळतं. तुमची गाडी दहा वेळा वाचली असेल, अकराव्या वेळी वाचेलच असं नाही. मीटर तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. बॅटरीवर १४ च्या आसपास आले की तपासणी संपली.

मांजराकाठी, परभणीकरांचे प्रश्न अगदी बरोबर आहेत. मी फक्त मोजायची पद्धत सांगतो, कारण तुमच्या मिस्त्रीनं १२.६ बघून जो निष्कर्ष काढला तिथंच चूक झाली आहे.

१२.६ म्हणजे बॅटरी भरलेली आहे, एवढंच. १२.२ ला ती अर्धी असते, ११.९ ला जवळजवळ रिकामी. पण बॅटरीत करंट असणं वेगळं आणि तो जागेवर पोचणं वेगळं. विहीर भरलेली आहे, मोटार चांगली आहे, पण पाईपमध्ये बोळा अडकलाय. नळ बंद ठेवून पाईपचा दाब बघितला तर दाब पूर्ण दिसतो. नळ उघडला की थेंब थेंब. तारेचे चाळीस दोरे तुटून एकच दोरा उरला असेल तरी मीटर १२.६ च दाखवेल, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. म्हणून मोजायचं ते नेहमी लोड टाकून. हेडलाईट लावा, सेल्फ मारा, आणि त्याच वेळी बघा.

आता अर्थिंग. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, टर्मिनलवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच. लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. फिरत असताना आकडा ०.२ च्या आसपास किंवा कमी हवा. जास्त आला तर तेवढे व्होल्ट अर्थिंगमध्येच वाया जातायत. मग लाल पिन केबिनच्या बॉडीवर ठेवून, हेडलाईट लावून, पुन्हा.

गोदाकाठ – सोमवार, सकाळी १०.४०

सर, अजून एक. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघायला सांगा त्यास्नी. माज्या काकाच्या गाडीत केबल गरम व्हायली होती, कुणाला कळंना गेलं होतं का म्हनून.

निवृत्त_निदेशक – सोमवार, सकाळी ११.००

उत्तम निरीक्षण. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळं त्याला स्वतःची अर्थिंगची पट्टी लागते. ती तुटली की सेल्फचा शे-दोनशे ॲम्पिअर करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटर केबल, क्लचची केबल, जे लोखंड इंजिनला आणि बॉडीला जोडतंय त्यातून. केबल तापली तर समजायचं इंजिनचं अर्थिंग गेलं.

मांजराकाठी – सोमवार, संध्याकाळी ७.१५

केलं सर. गाडी थंड होती, त्यामुळं सेल्फ फिरला. इंजिनवर ०.९ आले! केबल कोमट वाटली, खात्री नाही. बॉडीवर हेडलाईट लावून ०.३.

खाली शिरून बघितलं. परभणीकर भाऊंनी सांगितलं तसंच, चेसिसवरचा लग रंगाच्या थरावर बसलेला. आणि त्या कोपऱ्यात काळ्या मातीचा गोळा चिकटलेला, दोन दिवसांपूर्वीच्या पावसाचा, आतून अजून ओला. इंजिनच्या जाळीच्या पट्टीचे अर्धे दोरे हिरवे होऊन तुटलेत.

बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, नवी पट्टी टाकली, वरून पेट्रोलियम जेली लावली. आता सेल्फ मारताना ०.१५. आणि सेल्फ असा फिरतो की नव्या गाडीची आठवण यावी! सगळ्यांचे मनापासून आभार.

काळीमाती – सोमवार, रात्री ८.००

अभिनंदन. एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या गाडीत हेच झालं होतं. तुम्ही या गाडीतून खत आणता का? पोटॅश आणि युरियाच्या गोण्या फाटतात, चुरा हौद्याच्या फटींतून चेसिसवर पडतो, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि जिथं तांबं-लोखंड एकत्र आहे तिथं खातो. पोटॅश म्हणजे शेवटी एक प्रकारचं मीठच. माझ्या मागच्या लाईटचे सगळे अर्थिंग असेच गेले होते. खताची खेप झाली की हौदा आणि खालची चेसिस पाण्यानं धुऊन काढत जा, हवेच्या पाईपनं सुकवा.

मांजराकाठी – सोमवार, रात्री ८.२०

हो, जून-जुलैत खताच्याच खेपा असतात. कधीच धुतलं नाही. यापुढं धुणार.

मांजराकाठी – गुरुवार, रात्री ११.३०

मंडळी, पुन्हा झालं, आणि या वेळी धारूरच्या घाटात.

माजलगावला पेंड पोचवायची होती. भरलेली गाडी, उतार, रात्रीचे आठ. हेडलाईट फडफडल्या आणि गेलं सगळं. इंजिन बंद. ब्रेक दोन-तीनदा दाबले तोवर लागले, मग पेडल दगडासारखं कडक. दुसरा गियर होता म्हणून, आणि हँडब्रेक लागला म्हणून थांबलो. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं हेडलाईट दाखवून, मधे गाडी लावून मला सांभाळून घेतलं. त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. तो म्हणाला आमच्या बॅटरीवरून चालू करू, पण मला आठवलं की मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, म्हणून नको म्हणालो. वीस मिनिटांनी आपोआप करंट आला.

घरी आलोय. हात अजून थरथरतायत. आई म्हणते गाडी विक.

निवृत्त_निदेशक – गुरुवार, रात्री ११.५५

पहिल्यांदा, तुम्ही सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. ट्रकवरून न घेण्याचा निर्णय योग्य होता, २४ व्होल्टनं उरलेलंही जळालं असतं. आणि ब्रेकचं लक्षात ठेवा: इंजिन बंद झालं की व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते. अशा वेळी पेडल सोडून सोडून दाबायचं नाही, एकदा दाबलं की दाबूनच धरायचं.

दुसरं, चूक माझीही आहे. अर्थिंगमध्ये ०.९ सापडल्यावर मी तिथंच थांबलो. तो दोष खराच होता, पण तो एकटा नव्हता. मायनसची बाजू बघितली तशी प्लसची बाजू त्याच दिवशी बघायला सांगायला हवी होती. करंट जातो तेवढाच परत येतो, वाट दोन्हीकडची तपासली पाहिजे.

उद्या गाडी बाहेर काढू नका. सकाळी उजेडात हे करा. इंजिन बंद, चावी ऑन, हेडलाईट फुल. पाच मिनिटं तशाच ठेवा. बिघाड गरम झाल्यावर येतोय, म्हणून त्याला गरम होऊ द्यायचं. मग एकेक आकडा लिहून पाठवा:

बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये किती. मायनस खुंटी ते केबिनची बॉडी किती. फ्यूज बॉक्समध्ये करंट जिथून आत येतो तिथं बॉडीच्या हिशोबानं किती. आणि लाल पिन प्लसच्या खुंटीवर, काळी पिन फ्यूज बॉक्सच्या त्याच आतल्या टोकावर ठेवून किती.

मोजण्याआधी हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. प्लस आणि बॉडीमध्ये अंगठी आली तर ती तिथंच लाल होते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बोटावर तो डाग आजही आहे.

मांजराकाठी – शुक्रवार, सकाळी ८.४०

सर, आकडे.

बॅटरी: १२.३
मायनस ते बॉडी: ०.०६
फ्यूज बॉक्स ते बॉडी: ७.०
प्लस खुंटी ते फ्यूज बॉक्स: ५.२

आणि लाईट बंद केल्या की फ्यूज बॉक्सवर लगेच १२.५. हे असं कसं?

वायरमन_परभणी – शुक्रवार, सकाळी ८.५०

सापडला!

निवृत्त_निदेशक – शुक्रवार, सकाळी ९.१५

बेरीज करून बघा. ७.० अधिक ५.२ अधिक ०.०६ म्हणजे १२.२६. बॅटरीचे १२.३. हिशोब जुळला, म्हणजे मोजमाप बरोबर आहे. १२.३ पैकी ५.२ व्होल्ट बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज बॉक्सपर्यंतच्या वाटेत खाल्ले जातायत. ही वाट फार तर दोन-अडीच फुटांची. संपूर्ण वायरिंग बदलायचा सल्ला तुम्हाला मिळाला होता, आणि दोष या दोन फुटांत आहे.

लाईट बंद केल्या की १२.५ का, तर नळ बंद केला. तुमच्या मिस्त्रीनं तोच आकडा बघितला होता.

आता वाट अरुंद करत जायची. लाल पिन प्लसच्या खुंटीवरच राहू द्या. काळी पिन एकेक पाऊल पुढं सरकवा: आधी टर्मिनलवर, मग त्यातून निघणाऱ्या तारेच्या लगवर, मग मेन फ्यूजच्या अलीकडं, मग पलीकडं. आकडा जिथं एकदम उडी मारतो, तिथं दोष.

मांजराकाठी – शुक्रवार, सकाळी १०.०५

टर्मिनल ०.०१. लग ०.०३. मेन फ्यूजच्या अलीकडं ०.०३. पलीकडं ५.१!

आणि सर, हात लावला तर चटका बसला. मेन फ्यूजची ती तार, फ्युजेबल लिंक म्हणतात ती, वरून काळ्या टेपनं गुंडाळली होती. टेप सोडवला तर आत पातळ तार पिळून जोडलेली. भावाला विचारलं. उन्हाळ्यात एलईडी बार आणि कॉम्प्रेसर लावणाऱ्यानं लिंकच्या पलीकडच्या टोकातूनच दोन्हीचा करंट काढलाय. आतलं तांबं काळं-हिरवं, क्रिम्पमध्ये, म्हणजे दाबून बसवलेल्या जोडात, चार-पाच दोरे शिल्लक. प्लास्टिक वितळून वाकडं झालंय.

वायरमन_परभणी – शुक्रवार, सकाळी १०.२०

म्हणजे कॉम्प्रेसर लावला की लिंकवर गाडीच्या नेहमीच्या लोडच्या वर आणखी दहा-पंधरा ॲम्पिअर. सांधा तापला, सैल झाला, ओलावा शिरला, तांबं काळं पडलं. काळं पडलं की अजून तापायचं. असंच वाढत जातं.

निवृत्त_निदेशक – शुक्रवार, सकाळी १०.४५

आता सगळी लक्षणं एका सांध्यातून उलगडतात.

पाच व्होल्ट तिथं जातात आणि साधारण आठ ॲम्पिअर वाहतायत, म्हणजे चाळीसेक वॅट. वर्कशॉपमधलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! एवढी उष्णता एका नखाएवढ्या सांध्यात. तापून धातू प्रसरण पावतो, उरलेले दोरे सुटतात, करंट जातो. दहा-पंधरा मिनिटांत थंड झाला की पुन्हा टेकतो. म्हणून तुमची गाडी आपोआप बरी व्हायची.

सेल्फची जाड केबल बॅटरीवरून थेट जाते, पण सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फ चालू करणाऱ्या विजेच्या स्विचला) हुकूम देणारा करंट चावीतून, म्हणजे या लिंकमधूनच येतो. सोलेनॉइड ओढायला गेलं की उरलेले व्होल्टही कोसळायचे, म्हणून टक आवाज नाही आणि दिवे विझायचे. अर्थिंग साफ केल्यावर सेल्फ जोरात फिरला, कारण ती अडचण खरी होती. त्यामुळंच आपण सगळे फसलो.

आता दुरुस्ती. लिंक म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली तार. जिचं रक्षण करायचं त्या तारेपेक्षा साधारण चार गेज बारीक, आणि तिचं आवरण पेट न घेणारं असतं. तिच्या जागी साधी जाड तांब्याची तार कुणी लावून देत असेल तर त्याच्या हातातून गाडी काढून घ्या.

काळीमाती – शुक्रवार, सकाळी ११.१०

सरांच्या या शेवटच्या ओळीसाठी लिहितोय. आमच्या गावात एकानं मेन फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथं जाड तार बांधली. फ्यूज का उडतो ते कुणी बघितलं नाही. आत कुठंतरी उंदरानं वायर सोललेली होती. कडबा भरून उभी असलेली गाडी रात्रीत जळाली, शेजारची गंज पण गेली. माणसं वाचली एवढंच.

मळणीनंतर गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा पोत्यांच्या थप्पीपाशी लावत असाल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघाच. लेंड्या दिसल्या की वायरिंग तपासायची.

हळदीचा_वाफा – शुक्रवार, दुपारी १.३०

वसमतहून. धागा सगळा वाचला. माझं दुखणं थोडं वेगळं आहे, इथंच विचारू का? गाडी रोज चालवली तर काही नाही. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी दुकानात तपासली, चांगली आहे म्हणतात.

वायरमन_परभणी – शुक्रवार, दुपारी २.००

हे करंटच्या गळतीचं लक्षण, म्हणजे गाडी बंद असतानाही कुठंतरी करंट जातोय. चावी काढा, दारं बंद करा, मायनसचं टर्मिनल सोडवा आणि टर्मिनल व खुंटीच्या मधे मीटर १० ॲम्पिअरवर लावा. लाल पिन १० ॲम्पिअरच्या भोकात घालायला विसरू नका. मीटर असा लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, मीटर जळेल. जुन्या गाडीत ५० मिलिॲम्पिअरच्या आत हवं. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडेल त्या लाईनीत गळती.

सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची जाड तार सोडवून बघा. सोडवण्याआधी मीटर काढून घ्या, म्हणजे बॅटरी पूर्ण तुटलेली राहील. तार सोडवून मीटर परत लावल्यावर आकडा पडला तर डायोड गळतोय. गाडीवर बॅटरी न काढता वेल्डिंग झालं असेल तर हा संशय आधी घ्या.

मांजराकाठी – शनिवार, रात्री ८.१०

काम झालं. अंबाजोगाईत एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडं गेलो. मोबाईलवर हे सगळे आकडे दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि म्हणाले, "एवढं मोजून कुणी येत नाही माझ्याकडं." त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं, आणि मगच हात घातला.

आधी मायनस सोडवला, मग प्लस. जुनी लिंक कापून काढली. कंपनीच्याच ॲम्पिअरची नवी लिंक, नवे लग, क्रिम्प करून वर हीट श्रिंक नळी. एलईडी बार आणि कॉम्प्रेसर दोन्ही तिथून काढले. बारला बॅटरीवरून वेगळी तार, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत त्याचा स्वतःचा फ्यूज आणि रिले. कॉम्प्रेसर मात्र मी परत लावू दिला नाही. पेट्रोल पंपावर हवा मिळते.

जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. सगळं धरून अल्टरनेटरच्या सांगितलेल्या खर्चाच्या पाव पटसुद्धा झालं नाही.

नंतर पाच मिनिटं हेडलाईट फुल ठेवून मोजलं. बॅटरी १२.४, फ्यूज बॉक्स १२.२. प्लसच्या बाजूला ०.१५, मायनसला ०.०५. लिंकला हात लावला, थंड.

निवृत्त_निदेशक – शनिवार, रात्री ८.३०

हे आकडे वाचून फार समाधान वाटलं. आता एकच करा. हे चारही आकडे, सेल्फ मारतानाचे ०.१५ आणि चालू गाडीतले १४.१, तारखेसकट एका पुठ्ठ्यावर लिहून बॅटरीशेजारी लावून ठेवा. पुढच्या वेळी कुणीही बोनेट उघडलं तरी त्याला कळेल की ही गाडी चांगली असताना किती दाखवायची.

गोदाकाठ – शनिवार, रात्री ८.४५

अन आईला सांगितलंव का, गाडी नीट झाली म्हनून?

मांजराकाठी – सोमवार, पहाटे ६.३०

सांगितलं दादा. काल रात्री अंगणात तासभर हेडलाईट लावून गाडी चालू ठेवली, आई ओट्यावर बसून बघत होती. एकदापण फडफडली नाही. मग म्हणाली, जा.

पहाटे साडेतीनला निघालो. बर्दापूरच्या त्याच जागेवर मुद्दाम गाडी हळू केली. आता यार्डात आहे, सौदा निघायला वेळ आहे. पुठ्ठा बोनेटखाली तारेनं बांधलाय. टेप आता बोनेटखाली कशालाच लावणार नाही.

हळदीचा_वाफा – सोमवार, सकाळी ९.००

परभणीकर भाऊ, मोजलं. ३८० मिलिॲम्पिअर. सगळे फ्यूज काढले तरी तेवढेच. मीटर काढून अल्टरनेटरची जाड तार सोडवली, परत लावला तर २० वर आलं. गेल्या वर्षी हौद्याला वेल्डिंग केलं होतं.

वायरमन_परभणी – सोमवार, सकाळी ९.२०

मग डायोड प्लेट. अख्खा अल्टरनेटर घेऊ नका, प्लेट वेगळी मिळते. बदलून झाली की पुन्हा मोजा आणि आकडा इथं टाका.